वरची कवळी आणि मागचं मडगार्ड

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी मेणात एकेक दात रचतो, गुलाबी हिरड्या ओततो, घासतो, चकाकी आणतो, आणि बोळकं झालेलं कुणीतरी पुन्हा फोटोत हसायला लागतं. या कामात केसभर चूक चालत नाही. दात जरा पुढे गेला तर माणसाच्या बोलण्यात शिट्टी वाजते, जरा मागे गेला तर जीभ चावली जाते. इतकं नाजूक काम उभा जन्म केलेल्या माणसाला सायकलची दोन मडगार्डं बसवता येणार नाहीत, असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं.

सायकल मूळची माझ्या मेहुण्याची. बारीक चाकांची, वाकड्या हँडलची, शर्यतीत पळवायची सायकल. त्याने ती पोट कमी करायला घेतली होती. पोट राहिलं आणि सायकल माझ्याकडे आली. मी तिला मागे एक छोटं कॅरिअर लावून घेतलं आणि कवळ्या पोचवायला वापरायला लागलो. पण शर्यतीच्या सायकलला मडगार्ड नसतं. रस्ता ओला असला की मागचं चाक चिखल उचलायचं आणि माझ्या पाठीवर पट्ट्यापासून कॉलरपर्यंत सरळ रेघ ओढायचं. एवढी सरळ रेघ मला पट्टी घेऊनही मारता येत नाही.

बायको कोपऱ्यावर लॉन्ड्री चालवते. एरवी ती फार सोशिक आहे, पण कपड्यांच्या बाबतीत नाही. "दिवसभर लोकांचे डाग काढून घरी यावं," ती म्हणाली, "तर घरात हा पट्टेवाला उभा." पुढे तिने हेही सांगितलं की आता एक तर मडगार्ड येईल, नाहीतर मी उघडा जाईन.

कायमची मडगार्डं लावायला मी तयार नव्हतो. शर्यतीच्या घोड्याला टांग्याचं छप्पर बांधल्यासारखं दिसलं असतं ते. शेवटी सायकलच्या दुकानात काढता-घालता येणारी मडगार्डं मिळाली. पाऊस असला की लावायची, नसला की काढून ठेवायची. पाना नको, स्क्रू नको. दुकानदार म्हणाला, अगदी कुणालाही बसवता येतात. हे 'कुणालाही' मला जरा लागलं. तो कसं बसवायचं ते दाखवायला लागला, तेव्हा मी हाताने त्याला थांबवलं आणि पिशवी उचलून निघालो.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात जीव टांगणीला लागला तो त्यांचा.

मास्तर म्हणजे फायर ब्रिगेडच्या बँडचे जुने बँडमास्तर. आता निवृत्त. ट्रम्पेट वाजवायचे, आणि असं वाजवायचे की बागेत पळणारी माणसं पळायची थांबायची. मध्यंतरी त्यांची वरची कवळी हातातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. सांधून बघितली, पण वाजवायला लागले की सांधा हलायचा. ट्रम्पेट ओठांनी वाजवतात हे खरं, पण ओठांना मागून टेकू लागतो तो दातांचाच. तेव्हापासून मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला तो धरलाच. संध्याकाळच्या फेरीला जाणं बंद, मित्रांमध्ये बसणं बंद, कुणी काही विचारलं तर मानेने हो किंवा नाही.

आणि अशातच बागेत बँडसाठी नवा मंच बांधून झाला. मास्तरांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आता मिशा पिकलेले फायरमन झाली होती. त्यांनी हट्ट धरला की मंचावर पहिलं वाजवायचं ते मास्तरांनीच. मास्तरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, याचा निकाल माझ्या कवळीवर होता.

ही कवळी मी किती जीव लावून केली ते मलाच माहीत. मास्तर मेणाची कवळी तोंडात घालायचे, ट्रम्पेटची पितळी वाटी ओठांना लावायचे, फुंकायचे आणि बोटाने दाखवायचे, इथे जाड लागतंय. मी खरवडायचो. पुन्हा फुंकायचे. शेवटी एकदा फुंकून झाल्यावर त्यांचे डोळेच हसले, तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला आणि पक्की कवळी करायला घेतली.

ती तयार झाली कार्यक्रमाच्या दिवशीच, दुपारी. मास्तरांच्या दातांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना बाजाराच्या पलीकडच्या टोकाला. मास्तर तिथे येऊन बसणार, डॉक्टरबाई कवळी नीट बसवून देणार आणि तिथूनच बँडची पोरं त्यांना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. मी कवळी ओल्या कापसात गुंडाळून डबीत घातली आणि बाहेर बघितलं, तर पाऊस. मला उलट आनंदच झाला. मडगार्डांचा मुहूर्त आयताच साधला होता.

पुढचं मडगार्ड सायकलच्या तिरक्या नळीखाली रबरी पट्ट्याने चटकन बसलं. मागच्याचे दोन भाग होते. एक चिमटा, तो सीटच्या दांड्याला आवळायचा. मधे कॅरिअर येत होतं म्हणून ते मी काढून टाकलं. आणि दुसरं म्हणजे लांबट वाकडं पातं, ते चिमट्यात सरकवायचं. गंमत अशी की हे पातं दोन्ही बाजूंनी सरकत होतं आणि दोन्ही बाजूंनी 'टक्' असा पक्का आवाज येत होता. म्हणजे पोकळ बाजू वर ठेवायची की खाली, हा प्रश्न आला.

दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. मी व्यवसायाने विचार केला. वर सीट, म्हणजे टाळू. तिच्या खाली जे बसणार ती झाली वरची कवळी. आणि वरच्या कवळीची पोकळ बाजू नेहमी वरच असते. टक्.

बायको लॉन्ड्रीतून डोकावून बघत होती. तिने विचारलं, हे असंच असतं का. मी फक्त हसलो. जाणकार माणूस हसतो तसा. मग रेनकोट चढवला, डबी रेनकोटाच्या खिशात टाकली, टोपी कानांपर्यंत ओढली आणि निघालो.

काय सांगू तुम्हाला, पाठ कोरडी ठाक! बाजारातला रस्ता म्हणजे नुसता चिखलाचा राबडा झाला होता, पण माझ्या पाठीला एक थेंब नाही. आणि लोकांचं लक्ष तर असं वेधलं होतं मी! चहावाल्याने किटली खाली ठेवून बोट दाखवलं. न्हाव्याने अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला सोडून दारात येऊन काहीतरी ओरडून सांगितलं. मागून येणारा एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून वाजवून "मागे, मागे" म्हणत होता. नवीन वस्तूचं लोकांना किती कौतुक असतं बघा, असं मनात म्हणत मी त्या सगळ्यांना एक हात उंच करून दाखवला. मिरवणुकीतल्या नवरदेवालाही इतकं सुखाचं वाटत नसेल.

दवाखान्यात मास्तर बाकावर बसले होते. बँडचा जुना गणवेश, आमच्याच लॉन्ड्रीतून कडक इस्त्री केलेला. मांडीवर ट्रम्पेटची पेटी, तोंडावर रुमाल. मला बघून ते उभे राहिले. डॉक्टरबाई हात धुऊन तयारच होत्या. मी ऐटीत रेनकोटाच्या खिशात हात घातला.

हात खिशात गेला आणि थेट माझ्या गुडघ्यापाशी बाहेर आला.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. रेनकोटाला बाजूला जी चीर असते, ती खिसा नसते. आतल्या पँटच्या खिशात हात घालता यावा म्हणून ठेवलेली ती वाट असते. ती वाट माझी डबी घेऊन कुठे गेली होती, देव जाणे.

समोर मास्तर डोळ्यांनी हसत होते. त्या डोळ्यांना मी काय सांगणार? "सायकलला कुलूप लावायचं राहिलं," असं काहीतरी पुटपुटलो आणि मागे फिरलो. सायकलवर टांग टाकली आणि आलो तसा सुसाट परत निघालो, नजर रस्त्यावर. डबक्यात, गटाराच्या कडेला, लोकांच्या पायांत. दवाखान्याच्या खिडकीतून कुणीतरी काच वाजवत होतं, पण वळून बघायला मला तोंड कुठे होतं?

न्हाव्याला विचारलं, काही पडलेलं दिसलं का. तो म्हणाला, "पडलेलं नाही, अहो तुमच्या..." पण पडलेलं नाही म्हटल्यावर पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. चहावाला हातवारे करत धावत आला, त्यालाही तेच विचारलं आणि तेवढंच ऐकलं. घरी पोचलो, कामाची खोली उलटीपालटी केली, मेणाच्या ताटाखाली बघितलं, मातीच्या साच्यांमागे बघितलं. डबी नाही.

बायकोला सांगितलं. तिने इस्त्री बंद केली, लॉन्ड्रीचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही पुढे जा आणि मास्तरांना खरं काय ते सांगा. मी रस्त्याने विचारत विचारत येते." तिच्या या वाक्यातला पहिला भाग मला नको होता आणि दुसरा भाग किती महागात पडणार आहे याची कल्पना नव्हती.

कारण बायकोने रस्त्याने विचारलं ते असं: "आमच्या ह्यांचे दात पडलेत इथे कुठेतरी, दिसले का?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात कवळीला दातच म्हणतात आणि मी बनवलेले म्हणून ते माझेच. पण भर पावसात, सायकलवाला मघाशी वेड्यासारखा जाताना बघितलेला, आणि आता त्याची बायको रस्त्यावर वाकून त्याचे दात शोधतेय. बाजाराने काय समजायचं ते समजून घेतलं. माणूस सायकलवरून आपटला, दात गेले. बातमी पुढच्या दुकानात पोचली तेव्हा जबडाही गेला होता.

इकडे मी दवाखान्यात पोचलो, तर मास्तर दातांच्या खुर्चीवर आडवे. कपाळावर ओली पट्टी, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा.

झालं होतं असं. मी पहिल्यांदा परत निघालो तेव्हा खिडकीतून काच वाजवत होते ते मास्तरच. मी वळलो नाही म्हणून ते डॉक्टरबाईंना सांगायला गेले. पण मास्तर दात नसताना बोलायला लाजायचे, म्हणून त्यांनी रुमाल न काढता हवेत बोटाने मोठमोठी गोल चाकं काढून दाखवली. डॉक्टरबाईंना वाटलं, यांना गरगरतंय. त्यांनी मास्तरांना आडवं केलं. मास्तरांनी लिहायची खूण केली, तर बाई म्हणाल्या, हो हो, औषध लिहून देते, आधी पडून राहा. मास्तर उठायला लागले की बाई त्यांना पुन्हा झोपवत होत्या, आणि जसजसं झोपवत होत्या तसतसा रक्तदाब वाढत होता.

मी दारात उभा राहिलो. रेनकोटातून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतूनही गळायच्या बेतात होतं. मी म्हणालो, "मास्तर, कवळी हरवली. रस्त्यात पडली. चूक माझी आहे."

मास्तर ताडकन उठून बसले. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं बोळकं तोंड मी असं उघडं बघितलं. बोट माझ्याकडे रोखून ते ओरडले, "शाक!"

मला ऐकू आलं, "शाप."

"शाक! शाकावल!" मास्तर पुन्हा म्हणाले.

"शाप द्या," मी म्हणालो, "मी त्याच लायकीचा आहे." आणि मान खाली घातली.

नेमकं त्याच वेळी बायको आत आली, चिंब भिजलेली. तिच्या मागोमाग चहावाला, न्हावी आणि त्याचं ते अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. न्हाव्याच्या हातात बर्फ होता, माझ्या जबड्यासाठी. माझं तोंड धड बघून तो एवढा हिरमुसला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तो आपलं म्हणणं सांगणार तेवढ्यात बाहेर घंटा घणघणली आणि दवाखान्याच्या दारात अख्खा आगीचा बंब येऊन उभा राहिला. दात पडल्याची बातमी बाजारातून ब्रिगेडमध्ये पोचली होती. पण तिथे दात म्हटल्यावर कुणाला आठवणार? मास्तर! मास्तर पडले, त्यांचे दात गेले, असं समजून बँडची सगळी पोरं गणवेशात, गळ्यात ढोल, खांद्यावर वाजंत्री, तशीच बंबावर चढून आली होती. एकाने शिडीही सोडवायला घेतली. कशासाठी, ते त्याला विचारलं नाही.

या सगळ्या गर्दीतून मास्तर उठले. डॉक्टरबाईंनी "अहो, पडून राहा" म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दंडाला पट्टा तसाच, त्याची नळी मागे लोंबतेय, असे ते मला बाजूला सारून भर पावसात बाहेर गेले. मला वाटलं, चालले, कायमचे चालले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

मास्तर थेट माझ्या सायकलपाशी गेले, मागच्या बाजूने वाकले, सीटखाली मडगार्डाच्या पन्हळीत हात घातला आणि डबी काढली.

डबी! पावसाच्या पाण्यात मजेत तरंगत बसलेली. रेनकोटाच्या त्या चिरेतून ती आत गेली, सीटवरून घसरली आणि मागे ऐसपैस पसरलेल्या पन्हळीत अलगद उतरली. वरून बघितलं तर सीटआड दिसायची नाही. मागून येणाऱ्या प्रत्येकाला मात्र दिसत होती. गावभर मी जिला शोधत होतो, तिला गावभर मीच मिरवत होतो.

मास्तरांचा तो शाप म्हणजे बोळक्या तोंडातून आलेलं 'चाक! चाकावर!' होतं. न्हावी म्हणाला, तो मघापासून हेच सांगतोय. चहावाला म्हणाला, तोही. मी खाली दवाखान्याच्या ओल्या पायरीवर बसलो. बायको शेजारी येऊन बसली आणि तिने पदराने माझं तोंड पुसलं. पदर माझ्याहून ओला होता, पण मला फार बरं वाटलं.

डॉक्टरबाईंनी डबी उघडून बघितली, कवळी शाबूत. उलट, चांगली ओली ठेवलीत म्हणून त्यांनी माझं कौतुकच केलं. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी ती बसवली, कागद चाववून बघितला, एके ठिकाणी जरासं घासलं. बाहेर आम्ही सगळे श्वास रोखून उभे. दार उघडलं. मास्तर आले, ओठ मिटलेले, हातात रुमाल. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवून दिला. मग माझ्यासमोर उभे राहिले, आणि नव्या कवळीतून पहिलं वाक्य बोलले. एकेक अक्षर असं खणखणीत, की कुठे शिट्टी नाही, कुठे जीभ अडखळली नाही.

"तुमचं मडगार्ड उलटं बसलंय."

बंबावरची पोरंसुद्धा हसली. मी हसलो, आणि हसता हसता खरंच डोळ्यांत पाणी आलं. त्या वाक्यातले 'ड' आणि 'स' इतके सुरेख उमटले होते की अपमान झाल्याचं मला घरी गेल्यावर कळलं.

मास्तरांना बंबावर पुढे बसवून पोरं बागेत घेऊन गेली. बायको आणि मी मागून गेलो. मंचाला छप्पर होतं, आम्हाला डॉक्टरबाईंची छत्री होती. पाऊस रिपरिपत होता, तरी खुर्च्या भरलेल्या. आम्ही अगदी पुढे जाऊन बसलो. मास्तर उभे राहिले, ट्रम्पेट वर केला, आणि मी खुर्चीच्या टोकाला सरकलो. डबी सापडली म्हणून काय झालं? कवळी माझी होती. वरचा लांब सूर आला आणि ती सुटली तर? मी त्यांच्या वरच्या ओठावरून नजर हलवली नाही. ओठ ताणला, पितळेला टेकला, गाल आत गेले. मी खुर्चीचे हात आवळून धरले. ओठ हलला नाही. जराही सरकला नाही. माझ्या कवळीने टाळू सोडला नाही. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या छत्रीवाल्याने वळून बघितलं.

बायको डोळे पुसत होती. मंचावर मास्तर दात दाखवून हसत होते, सगळेच्या सगळे दात.

"किती सुंदर वाजवलं," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यात कुठलं आवडलं?"

"दुसरं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, एकच झालंय. दुसरं आता सुरू होतंय."

मी छत्री तिच्या बाजूला जरा जास्त कलती केली आणि पुन्हा मास्तरांच्या वरच्या ओठाकडे बघायला लागलो.